गृहकर्जात जादा पैसे भरण्याआधी घराचा वर्षाचा हिशेब

बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो, पण घरखर्च महिन्याच्या चौकटीत बसत नाही. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्यापुस्तके येतात, मग गणपती, त्यामागोमाग दिवाळी, पुढे मार्चच्या तोंडावर विम्याचे हप्ते आणि वैशाखात लग्नसराईचे आहेर. महिनाअखेरीला खात्यात दिसणारी सगळी रक्कम शिल्लक समजून ती कर्जात भरली, की पुढच्या जूनमध्ये क्रेडिट कार्डाचा किंवा वैयक्तिक कर्जाचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे साडेआठ टक्क्यांचे कर्ज कमी करण्यासाठी त्याहून बऱ्याच महाग दराने नवे कर्ज काढल्यासारखे होते. म्हणून जादा भरणा किती करायचा हे ठरवण्याआधी घराचा बारा महिन्यांचा हिशेब एका कागदावर उतरवावा, आणि तो नवराबायकोने एकत्र बसून उतरवावा, कारण किराणा, दूध, मुलांचे क्लास आणि सासूबाईंची औषधे यांचे आकडे सहसा एकाच व्यक्तीला ठाऊक नसतात.

उदाहरण म्हणून ठाणे किंवा पुणे परिसरातले चौघांचे एक कुटुंब घेऊ. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना ९५,००० रुपये आहे आणि ४० लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेले आहे. त्याचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो. वाणसामान, भाजी, दूध, वीज, गॅस, सोसायटीचा देखभाल खर्च, प्रवास, घरकामाच्या मावशींचा पगार आणि मुलांचे क्लास धरून महिन्याचा खर्च ३८,००० रुपये होतो. नुसता महिना पाहिला तर २२,००० रुपयांहून अधिक उरतात, आणि हप्ता सरळ ५५,००० रुपयांवर न्यावा असा मोह होतो. आता वर्षातून एकदाच येणारे खर्च मांडावेत: शाळेची फी, गणवेश आणि पुस्तके ८५,०००, आयुर्विमा आणि आरोग्यविमा ४२,०००, मालमत्ता कर आणि गाडीचा विमा १५,०००, गणपती-दिवाळी ३५,०००, गावी जाणे आणि आहेर २०,०००. ही बेरीज १,९७,००० रुपये होते. वर्षभरात हप्ता आणि घरखर्च वजा जाता उरणारे सुमारे २ लाख ६७ हजार रुपये यातच बहुतांशी संपतात आणि खरी शिल्लक ७०,००० रुपये राहते. त्यातून दाताचे काम किंवा बिघडलेले वॉशिंग मशिन यांच्यासाठी २०,००० रुपये बाजूला काढले, तर कर्जात भरता येण्याजोगी रक्कम वर्षाला ५०,००० रुपये उरते. महिन्याच्या हिशेबात दिसलेल्या आकड्याचा हा पाचवा हिस्साही नाही.

ही रक्कम किरकोळ वाटून हिरमुसण्याचे कारण नाही. वरच्याच कर्जात दरवर्षी ५०,००० रुपये मुद्दलात भरत गेले, तर दर तेवढाच राहिल्यास २४० महिन्यांचे कर्ज सुमारे १८७ महिन्यांत फिटते आणि जवळजवळ १०.८ लाख रुपये व्याज वाचते. कारण असे की, सुरुवातीच्या हप्त्यात मुद्दलाचा वाटा फारच थोडा असतो: पहिल्या महिन्याच्या ३४,७०० रुपयांपैकी सुमारे २८,३०० रुपये व्याजातच जातात. त्यामुळे लवकर भरलेला रुपया उशिरा भरलेल्या रुपयापेक्षा बरेच अधिक काम करतो. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोन लाख रुपये भरल्यास मुदत सुमारे साडेबावीस महिन्यांनी कमी होते, तर तेच दोन लाख चौदाव्या वर्षाच्या अखेरीस भरल्यास केवळ नऊ महिन्यांनी. शेवटच्या चार-पाच वर्षांत पोट मारून कर्जात पैसे भरणाऱ्यांना मी थांबण्याचाच सल्ला देईन; त्या काळात मुले सहसा महाविद्यालयात असतात आणि तो पैसा त्यांच्या फीसाठी अधिक मोलाचा ठरतो.

जादा भरण्याआधी काही गोष्टी मात्र झालेल्याच असल्या पाहिजेत. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी संपवावी, कारण तिच्यावर महिन्याला तीन टक्के किंवा त्याहूनही अधिक दराने व्याज चढत असते. वैयक्तिक कर्ज आणि वाहनकर्ज यांचे दर पाहून जे महाग ते आधी फेडावे, फक्त त्यांच्यावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क आहे का हे करारात तपासून घ्यावे. दोघांच्या नावे मुदत विमा आणि कुटुंबाचा आरोग्यविमा असावा. आणि सहा महिन्यांचा हप्ता व घरखर्च भागेल इतकी रक्कम, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे ४ लाख ३६ हजार रुपये, मुदत ठेवीत वेगळी असावी. ठेवीवर साडेसहा टक्के मिळतात आणि कर्जावर साडेआठ द्यावे लागतात, मग ठेव मोडून कर्जातच का भरू नये, असे पुष्कळ जण विचारतात. व्याजाच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु नेहमीच्या गृहकर्जात एकदा भरलेला पैसा परत मागता येत नाही, आणि नोकरी गेलेल्या महिन्यात, ‘गेल्या वर्षी दोन लाख जादा भरले होते’ असे सांगून बँक त्या महिन्याचा हप्ता सोडत नाही. दोन टक्क्यांचा हा फरक म्हणजे घराच्या निश्चिंतीची किंमत आहे आणि ती द्यावी. भविष्य निर्वाह निधीला तर या कामासाठी हात लावू नये. त्यावर २०२४-२५ या वर्षासाठी ८.२५ टक्के व्याज मिळाले आहे, आणि ते कर्जाच्या दराच्या जवळपासच आहे.

ज्यांचे उत्पन्न महिन्यागणिक बदलते, म्हणजे व्यावसायिक, वकील किंवा दुकानदार, त्यांनी ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जाचा विचार करावा. भारतीय स्टेट बँकेची ‘मॅक्सगेन’ ही अशीच एक योजना आहे. त्यात जादा पैसे कर्जखात्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडल्यास ते काढता येतात. अशा कर्जाचा दर सहसा थोडा अधिक असतो, त्यामुळे खात्यात बऱ्यापैकी रक्कम सतत राहणार असेल तरच ते परवडते. सणाच्या तोंडावर खात्यातला पैसा काढण्याचा मोह ज्या घरात आवरत नाही, तिथे साधे कर्जच बरे.

करसवलतीचा मुद्दा अनेकांना अडवतो. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंतची वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते, आणि मुद्दलाच्या फेडीची वजावट दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत बसते, जी बहुतेक नोकरदारांची निर्वाह निधी आणि विमा यांनीच भरत आलेली असते. उदाहरणातल्या कर्जावर पहिल्या वर्षीचे व्याज ३ लाख ३० हजारांहून अधिक आहे. कर्ज एकाच्याच नावावर असेल, तर जादा भरून व्याज थोडे कमी झाले तरी वजावटीत सुरुवातीला काहीच फरक पडत नाही. नव्या करप्रणालीत स्वतःच्या राहत्या घराला ही सवलतच नाही, त्यामुळे तिथे कर्जाचा पूर्ण दर हीच त्याची खरी किंमत समजावी.

जादा रक्कम भरल्यावर मुदत कमी करायची की हप्ता, हा निर्णय घरखर्चाशी थेट जोडलेला आहे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस भरलेल्या दोन लाखांनी मुदत कमी केल्यास सुमारे ५.८ लाख रुपये व्याज वाचते. हप्ता कमी केल्यास तो महिन्याला सुमारे १,८५० रुपयांनी उतरतो आणि वाचणारे व्याज सुमारे १.८ लाखच राहते. एरवी मुदत कमी करणेच हिताचे आहे. परंतु बाळंतपणामुळे एकाचा पगार थांबणार असेल किंवा आईवडील राहायला येणार असतील, तर हप्ता कमी करून घेण्यात काही कमीपणा नाही.

व्याजदराच्या चढउताराकडेही लक्ष असावे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. रेपोशी जोडलेल्या दराने, त्याआधी ६.७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ४० लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ३०,३०० रुपये होता. वर्षभराने दर ९.२ टक्के झाल्यावर नुसते व्याजच महिन्याला २९,९०० रुपये होऊ लागले, म्हणजे मुद्दल जवळजवळ हलेनासेच झाले. अनेक बँकांनी तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली आणि कर्जदाराला त्याचा पत्ता फार उशिरा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यासंबंधी निर्देश दिले, त्यामुळे दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, की काही रक्कम भरायची, हे निवडण्याचा पर्याय कर्जदाराला मिळायला हवा. उलट २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर एका टक्क्याने उतरला. असे झाले की हप्ता आहे तेवढाच ठेवावा. घरखर्चातला एक रुपयाही न हलवता मुदत आपोआप कमी होते. ऑक्टोबर २०१९ पूर्वीचे कर्ज जुन्या दरपद्धतीवर अडकलेले असेल, तर बँकेत अर्ज करून ते रेपोशी जोडलेल्या दरावर आणावे. त्याचे शुल्क भरावे लागते, पण बरीच मुदत शिल्लक असेल तर ते बहुधा लवकरच वसूल होते.

भरणा वर्षातून दोनदा करावा, असे माझे मत आहे: एकदा जुलैत, शाळेचा खर्च उरकल्यावर, आणि एकदा डिसेंबरमध्ये, दिवाळीची बिले चुकती झाल्यावर. बोनस हातात पडल्या दिवशी कर्जात टाकू नये. ५०,००० रुपये सहा महिने आवर्ती किंवा अल्पमुदतीच्या ठेवीत थांबले, तर कर्जावर सुमारे २,१०० रुपये व्याज जादा पडते आणि ठेवीच्या व्याजातून त्यातले बरेचसे भरून निघते. बोनसमधला काही हिस्सा, मग तो साडीसाठी असो की मुलांच्या सायकलीसाठी, घरात खर्च व्हावा हेही आधीच ठरवून ठेवावे. वीस वर्षे नुसती कपात सहन करणारे घर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच कंटाळते.

प्रत्यक्ष भरताना बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही. बँकांना ते आकारण्यास रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच मनाई केली आहे. स्थिर दराच्या कर्जासाठी करारपत्र वाचावे. रक्कम मुद्दलात जमा करण्याविषयी बँकेला लेखी किंवा ॲपमधून स्पष्ट कळवावे, कारण नुसते पैसे पाठवल्यास काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्याचे आगाऊ म्हणून धरले जातात. सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज असल्यास व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजतात की महिन्याच्या की वर्षाच्या, हे विचारून त्याप्रमाणे भरण्याची तारीख निवडावी. भरणा झाल्यावर परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून शिल्लक मुद्दल आणि शेवटच्या हप्त्याची तारीख ताडून पाहावी, आणि ते घराच्या वार्षिक हिशेबाच्या कागदासोबतच ठेवावे. पुढच्या मे महिन्यात, शाळेची नवी फी कळली की, दोन्ही कागद पुन्हा एकत्र काढून जुलैत भरायचा आकडा नव्याने ठरवावा.