फॉर्म्युला कारचे गिअर ठरवताना या चुका टाळा

पाऊस सरला की रत्नागिरीतल्या माझ्या वर्कशॉपात इंजिनिअरिंगची पोरं यायला लागतात. जानेवारीत कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा, हातात जेमतेम तीन महिने, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, टॉप स्पीड किती मिळेल?" पोरांनो, हा प्रश्न सोडा. अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे उभ्या जागेवरून सरळ पळायची शर्यत, ७५ मीटरचं असतं. एण्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, २२ किलोमीटरची असली तरी त्यातला सरळ पट्टा ८० मीटरच्या पुढे जात नाही. गिअर बदलायची वेळ ट्रॅकवर नेमकी कुठे येते, ते आधी बघा.

बाइकची स्प्रॉकेट तशीच ठेवणं

ही चूक मी दरवर्षी बघतो. केटीएम ३९० चं इंजिन आणलं जातं, सोबत चेन आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) आयतीच मिळतात. पुढे १५ दात, मागे ४५, म्हणजे रेशो ३.०. बाइकला ते बरोबर आहे, कारण तिचं मागचं चाक एका फेरीत साधारण दोन मीटर जातं. आपलं दहा इंची रिमवरचं चाक जातं १.४० मीटर. त्यामुळे सगळेच गिअर आखूड होतात, म्हणजे प्रत्येक गिअर कमी वेगालाच संपतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका टीमने गाडी अशीच उभी केली आणि सड्यावरच्या डांबरी मैदानात वळणांसाठी प्लॅस्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडून चाचणी सुरू केली. गाडी जागेवरून अशी उसळायची की पोरं खूश. पण वळणांच्या रांगेतून बाहेर पडताना दर फेरीला इंजिन लिमिटरवर, म्हणजे आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) कमाल मर्यादेवर, आदळायचं. मी तिसऱ्या कोनापाशी उभा होतो, ते टर्र-टर्र मला स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटी ड्रायव्हरने वळणातच तिसरा गिअर टाकला. थ्रॉटल सुटला, मागचा भाग हलका झाला, गाडी गर्रकन फिरून कातळाच्या कडेला गेली. पोराला काही झालं नाही, खालचा विशबोन, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा दांडा, मात्र वाकला.

दोन संध्याकाळी टीम सस्पेन्शनलाच दोष देत होती. कॅम्बर (चाकाचा कल) बदलला, टायरची हवा कमी-जास्त केली. मग मी वही काढली. प्रायमरी (इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंतचा रेशो) २.६६७, दुसरा गिअर १.८५७, फायनल (स्प्रॉकेटचा रेशो) ३.०, गुणाकार १४.८६. त्यांचा लिमिटर ९,५०० आरपीएमला. ९,५०० ला १४.८६ ने भागून १.४० ने गुणलं तर मिनिटाला ८९५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. आणि त्या वळणातून बाहेर पडायचा वेगही नेमका ५०-५५! गिअर बदलायची जागा वळणाच्या पोटात येऊन बसली होती.

मागे ३९ दातांचं स्प्रॉकेट लावायचं ठरलं, म्हणजे २.६. दुसरा गिअर ६२ पर्यंत जातो आणि तिसरा ८१ पर्यंत. ७५ मीटरच्या शेवटी ती गाडी ८० च्या आसपास असायची, म्हणजे तिथेही चौथ्याची गरज उरली नाही. एक पोरगा पहाटेच्या एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूरला गेला, उद्यमनगरात स्प्रॉकेट कापून घेतलं आणि रात्री परत आला. दुसऱ्या दिवशी तीच वळणं, सलग दहा फेऱ्या, सगळी दुसऱ्या गिअरमध्ये. लिमिटरचा आवाज एकदाही आला नाही.

पाचवा-सहावा वापरला जात नाही याचं पोरांना फार वाईट वाटतं. नका वाटून घेऊ. आणि आखूड गिअर म्हणजे जास्त पिकअप हेही डोक्यातून काढा. पहिल्या गिअरमध्ये टायर आधीच जागेवर फिरत असेल, तर वाढवलेला जोर डांबरावर रबर घासण्यातच जातो.

चेनला जागाच न ठेवणं

मागचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं आणि जे दोन्ही चाकांना जोर वाटतं त्या डिफरन्शियलचे ब्रॅकेट चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्के वेल्ड करून मोकळं होणारे मला अजिबात पटत नाहीत. दोन तास वाचतात आणि पुढे आठवडा जातो. ४५ चं ३९ केलं की चेन साधारण तीन कड्यांनी कमी लागते. पण चेन दोन-दोन कड्यांनीच तोडता येते. उरलेला फरक डिफरन्शियल पुढेमागे सरकवूनच भरायचा. ती सोय नसेल तर कुणीतरी हाफ लिंक, म्हणजे एकाच कडीचा जोड-तुकडा, शोधायला निघतो. माझ्या वर्कशॉपात हाफ लिंक लावायला मी देत नाही, तुटली तर ती ड्रायव्हरच्या पाठीमागेच तुटते. मी ब्रॅकेटला लांबट खाचा आणि दोन्ही बाजूंना टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करायचा दांडा) ठेवतो, आणि दोन्ही बाजू स्केलने मोजूनच नट आवळतो. बाइकएवढी ढिली चेनही इथे नको. बाइकचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वरखाली होतो, म्हणून तिथे ढील लागते. आपलं डिफरन्शियल जागेवरच असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

टायरवर लिहिलेल्या १८ इंचांवरून हिशेब करू नका. त्याने १.४४ मीटर येतं. ड्रायव्हरला बसवून, चाकावर खडूची खूण करून, दहा फेरे ढकला आणि टेपने मोजा. ०.०४ चा फरक मागच्या एका दाताएवढा असतो.

प्रायमरीचा २.६६७ हिशेबात धरायला विसरू नका. दरवर्षी एकजण तरी विसरतो.

रेशो आखूड करायचा म्हणून पुढे ११ दातांचं बारकं स्प्रॉकेट लावू नका. चेन झटक्या-झटक्याने चालते. ११ दातांवर वेग सुमारे ४ टक्के वरखाली होतो, १५ वर साधारण २. शिवाय चेन लवकर झिजते.

बाइकच्या माहितीपत्रकातले ९,००० आरपीएम धरून गिअर ठरवू नका. २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा अडवणारं भोक) आणि तुमचा स्वतःचा प्लेनम (त्यामागची हवेची पेटी) लागल्यावर ते इंजिन वेगळं झालेलं असतं. ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढवा. आणि लक्षात ठेवा, कोइम्बतूर समुद्रसपाटीपासून ४०० मीटरवर आहे. इथे खाडीकाठी मिळते तेवढी ताकद तिथे मिळणार नाही.

चेन इथल्या खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबूस होते, त्यात जांभ्याची धूळ. चाचणी संपली की त्याच संध्याकाळी रॉकेलने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवा. सकाळी करू म्हणणाऱ्यांची चेन मी हंगामात दोनदा बदलली आहे. स्पेअर म्हणून ३८ आणि ४० दातांची स्प्रॉकेटही कापून पेटीत ठेवा. कारीला पोचल्यावर कोल्हापूर लांब पडतं.