दगडाचा रंग कशाने ठरतो आणि नाव कशावरून द्यायचं: सोलापूर परिसरासाठी

सोलापूरकडे नवी विहीर खणली की काठावरच्या ढिगात काळे, तांबूस, पिवळट, हिरवट असे दगड पडलेले दिसतात. बहुतेक वेळा हे वेगवेगळे खडक नसतात. सगळा बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला काळा खडक असतो, फक्त कुठला जास्त झिजलेला, कुठला कमी. त्यामुळे वरचा रंग बघून नाव देऊ नका. आधी दगड फोडा.

सोबत एक किलोचा हातोडा, डोळ्यांना चष्मा, 10 पट भिंग, पोलादी चाकू, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, टाइलचा तुकडा आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची थेंबबाटली एवढं पुरतं. आम्ल तीन भाग पाण्यात एक भाग या प्रमाणात बनवा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

दगडाच्या कोपऱ्यावर घाव घालून ताजा पृष्ठभाग काढा, ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओला दगड नेहमीच जास्त गडद दिसतो. एक ओला आणि एक कोरडा शेजारी ठेवून तुलना केली तर ती चुकणारच.

ताजा बेसॉल्ट काळा-करडा दिसतो. त्यात साधारण निम्मं प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे खनिज असतं, आणि ते मुळात फिकट. पण उरलेल्या भागात लोह-मॅग्नेशियमचं ऑजाइट हे गडद खनिज आणि मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक अपारदर्शक कण इतके सगळीकडे पसरलेले असतात की अख्खा दगड काळवंडतो. चुंबक जवळ नेलं की ते दगडाकडे ओढलं जातं. हवा-पाणी लागून यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण झालं की त्यातून बनणारी लोहखनिजं रंग बदलतात: हेमाटाइट तांबडा आणि गोएथाइट पिवळट-तपकिरी रंग देतं. मुरमाचा रंग येतो तो इथूनच. खात्री करायची तर टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासा: हेमाटाइटची रेघ तांबूस-तपकिरी, गोएथाइटची पिवळट-तपकिरी, मॅग्नेटाइटची काळी उमटते.

पोकळ्यांच्या बेसॉल्टमध्ये हिरवा लेप दिसला तर तो बहुधा सेलाडोनाइट किंवा क्लोराइट या हिरव्या खनिजांचा असतो. तांबं समजू नका. पोकळीतले पांढरे स्फटिक मात्र नीट तपासा, कारण पुढचे तिन्ही प्रकार नुसत्या डोळ्यांना सारखेच वाटतात. आम्लाचा थेंब टाकल्यावर जोरात फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही आणि चाकूने ओरखडा पडला तर झिओलाइट. फसफसलं नाही, ओरखडाही पडला नाही आणि काचेवर चरा उमटला तर क्वार्ट्झ किंवा कॅल्सिडोनी. इथे हमखास एक चूक होते: काळ्या मातीत चुनखडीचे कण असतात, ते दगडाला चिकटून राहिले तर बेसॉल्टही फसफसल्यासारखा दिसतो. धुण्याचा सोपस्कार यासाठीच.

काळा रंग सर्वांत जास्त फसवतो तो घरात. ओट्याचा कडप्पा चुनखडक आहे. त्याचा काळेपणा लोहाच्या खनिजांचा नसून सेंद्रिय कार्बनचा आहे. त्याच्यावर चाकूने ओरखडा पडतो, आणि लिंबाचा रस तसाच राहिला तर डाग पडतो. कलबुर्गीकडून येणारी शहाबादी फरशीसुद्धा चुनखडकच, तिलाही आम्ल लागतं. बाजारातला ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ मात्र बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतो. गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. गॅब्रोतली मुख्य खनिजं बेसॉल्टचीच, पण खोलवर सावकाश थंड झाल्यामुळे त्यांचे दाणे मोठे. खडकाचं नाव खनिजं आणि दाण्यांचा आकार या दोन्हींवर ठरतं. रंग हा पहिला अंदाज, एवढंच.

दाणे डोळ्यांना दिसत असतील तर हा अंदाज आकड्यात मांडता येतो. पारदर्शक प्लॅस्टिकवर 5 मिलिमीटर अंतराने 10 × 10 असे 100 ठिपके काढा, गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवा आणि गडद खनिजावर पडलेले ठिपके मोजा. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण 5 ते 20 येतात, गॅब्रोत 35 ते 65. बेसॉल्टसारख्या बारीक दाण्याच्या दगडावर ही रीत चालत नाही. तिथे घनता काढा: ताणकाट्यावर दगड हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोला, आणि हवेतल्या वजनाला दोन्हींच्या फरकाने भागा. हवेत 580 ग्रॅम आणि पाण्यात 380 भरलं तर घनता 2.9. ताजा घट्ट बेसॉल्ट 2.8 ते 3.0 मध्ये बसतो, ग्रॅनाइट 2.6 ते 2.7 मध्ये. पोकळ्यांचा किंवा झिजलेला तुकडा यापेक्षा हलका भरतो, म्हणून त्याच्यावर हा आकडा लावू नका.