खोल समुद्रतळावरील गाळाचा कोअर कसा उघडावा आणि कसा वाचावा

भूशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी प्रथमच संशोधन जहाजावर, किंवा दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणच्या कोअर (तळात नळी घुसवून काढलेला गाळाचा उभा नमुना) प्रयोगशाळेत जातो, तेव्हा त्याला स्तरशास्त्र बऱ्यापैकी ठाऊक असते. चार-पाच किलोमीटर पाण्याखालून आलेला ओला गाळ समोर आल्यावर पहिल्या तासात काय करायचे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. हे टिपण त्याच्यासाठी आहे. कोअरवाचनाची सारी शिस्त एका नियमावर उभी आहे: डोळ्यांना दिसले ते एका रकान्यात लिहावे, त्यावरून जे वाटले ते दुसऱ्या रकान्यात, आणि दुसरा रकाना भरण्याची घाई करू नये.

वाचनाची सुरुवात कोअर वर येण्याआधीच, जागेच्या निवडीपासून होते. मल्टीबीम इको साउंडर तळाचा उंचसखलपणा दाखवतो, तर ३.५ किलोहर्ट्झचा सब-बॉटम प्रोफाइलर तळाखालच्या काही दशक मीटरांतले थर दाखवतो. हवामानाची अखंड नोंद हवी असेल तर आजूबाजूच्या तळापेक्षा किंचित उंच, उतार व पाणबुड्या घळी यांपासून दूर आणि प्रोफाइलरवर समांतर थर दाखवणारी जागा घ्यावी. पाणबुडे गाळप्रवाहच अभ्यासायचे असतील तर नेमकी उलटी. कोणत्या हेतूने जागा निवडली, हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण हाच कोअर पंधरा वर्षांनी दुसऱ्याच प्रश्नासाठी दुसराच कोणी उघडणार असतो.

उपकरणांविषयी थोडक्यात. बॉक्स कोअरर तळाचा वरचा अर्धा मीटरभर गाळ ठोकळ्यासारखा उचलतो, मल्टीकोअरर पृष्ठभाग त्यावरच्या पाण्यासकट आणतो, ग्रॅव्हिटी कोअरर स्वतःच्या वजनाने काही मीटर आत शिरतो आणि कुलेनबर्ग यांनी १९४०च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीचा पिस्टन कोअरर त्याहून पुष्कळ खोल जातो. शेवटचे दोन्ही वरचे काही सेंटिमीटर हमखास विस्कटतात किंवा गमावतात, म्हणून लांब कोअर जिथे घेतला तिथेच मल्टीकोअररही उतरवणे शहाणपणाचे. तारेचा वेग मिनिटाला ६० मीटर धरला तर ५००० मीटर खोली गाठायला जवळजवळ दीड तास लागतो. या काळात ताणमापकाकडे लक्ष ठेवावे, कारण तळ लागल्यावर ताण उतरतो आणि नळी गाळातून उपटली जाताना एकदम चढतो; त्या दोन क्षणांची वेळ, जहाजाचे स्थान आणि बाहेर सोडलेल्या तारेची लांबी लगेच लिहावी.

नळी डेकवर आडवी झाल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि दुर्दैवाने तो बहुधा रात्री, डोलत्या डेकवर आणि सगळे दमलेले असताना येतो. प्रथम नळीच्या बाहेरच्या बाजूला गाळ कुठवर चिकटला आहे ते मोजावे. नळी किती शिरली याचा तो अंदाज, आणि आत मिळालेल्या लांबीशी त्याची तुलना केली की गाळ किती दबला किंवा निसटला हे कळते. तळाच्या कोअर कॅचरमधला (गाळ निसटू नये म्हणून नळीच्या तोंडाशी बसवलेल्या झडपेतला) गाळ वेगळ्या पिशवीत भरावा, कारण तोच त्या ठिकाणचा सर्वांत जुना नमुना असतो. मग आतला प्लॅस्टिकचा लाइनर बाहेर काढून, वरचे पाणी हलकेच काढून, साधारण एक मीटरचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा कापण्यापूर्वीच त्यावर वरच्या दिशेचा बाण आणि तुकड्यांचे जोड जुळवता येतील अशी लांबीभर सरळ रेघ न पुसणाऱ्या शाईने काढावी, वरच्या व खालच्या टोकांना वेगळ्या रंगांची टोपणे लावावीत आणि मोहीम, स्थानक, तुकडा क्रमांक ही माहिती लाइनरवर लिहावी. केवळ टोपणावर लिहू नये, टोपण निघते. उलटा ठेवलेला तुकडा नंतर ओळखता येतो, असे अनुभवी लोकही म्हणतात. एकसुरी तांबड्या चिकणमातीत तो ओळखता येत नाही. तुकडे सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावेत, गोठवू नयेत, कारण बर्फाचे स्फटिक गाळाची बारीक रचना मोडतात.

उघडण्याआधी अखंड तुकड्यांची घनता व चुंबकीय ग्रहणशीलता यंत्रावर मोजून घ्यावी. नंतर लाइनर दोन्ही बाजूंनी उभा कापून आतला मऊ गाळ ताणलेल्या बारीक तारेने दुभंगावा. तार कोणत्या टोकाकडून ओढली हे लिहावे, कारण खालून वर ओढली तर जुना गाळ किंचित वर फरफटतो आणि उलट केले तर उलट. पृष्ठभाग साफ करताना पाते नेहमी थरांना समांतर, म्हणजे कोअरच्या आडव्या दिशेने फिरवावे. एक अर्धा भाग जतनासाठी आणि दुसरा कामासाठी ठेवावा. छायाचित्र व रंगाची नोंद ताबडतोब व्हायला हवी. हवेतल्या ऑक्सिजनमुळे हिरवट-करडे थर काही तासांतच तपकिरी पडू लागतात, म्हणून मन्सेल रंगतक्त्याशी तुलना ओल्या, ताज्या पृष्ठभागावरच करावी.

वर्णन करताना वरून खाली जावे आणि सेंटिमीटरनिशी लिहावे: रंग, कणांचा आकार, थरांच्या सीमा तीक्ष्ण की अस्पष्ट, जीवांनी पोखरल्याच्या खुणा. चिकणमाती आणि पोयटा (तिच्याहून किंचित भरड गाळ, सिल्ट) यांतला फरक बोटांना कळला नाही तर चिमूटभर गाळ पुढच्या दातांत चावून पाहण्याची जुनी युक्ती अजून चालते: पोयटा करकरतो, निव्वळ माती लोण्यासारखी लागते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब कार्बोनेट असल्यास फसफसतो. हा थेंब कामाच्या भागातून काढलेल्या कणभर गाळावर टाकावा, जतनाच्या भागावर कधीच नाही. कडेला खाली वाकलेले थर आणि पिस्टन कोअरच्या तळाशी दिसणाऱ्या उभ्या रेघा हे नळीचे काम आहे, समुद्राचे नव्हे, तेव्हा त्यांची नोंद 'विस्कळीतपणा' या स्वतंत्र रकान्यात करावी.

यानंतर स्मिअर स्लाइड. दातकोरणीच्या टोकावर मावेल एवढा गाळ काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून वाळवावा, पारदर्शक चिकटद्रव्य व आच्छादक काच ठेवून ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. छेदित ध्रुवकांत, म्हणजे दोन ध्रुवक काटकोनात ठेवून पाहिल्यास, कॉकोलिथच्या (सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचाच्या) चकत्यांवर काळी फुली उमटते. रेडिओलॅरिया या एकपेशीय जीवांचे सिलिकामय सांगाडे आणि ज्वालामुखी काच दोन्ही काळेच दिसतात. त्यांतला भेद साध्या प्रकाशात करावा, सांगाड्याच्या तुकड्यावर नियमित छिद्रे असतात, तर काचेच्या तुकड्याच्या कडा फुटलेल्या बुडबुड्यासारख्या वक्र आणि धारदार असतात. टक्केवारी हा डोळ्यांचा अंदाज असतो, म्हणून ती दशांशात लिहिणे हा निव्वळ देखावा आहे.

इथवर आल्यावर दुसऱ्या रकान्याकडे वळायला हरकत नाही, आणि त्यासाठी ठिकाणाची खोली व भूगोल हाताशी हवा. मध्य हिंदी महासागर खोऱ्याचे उदाहरण घ्या. उत्तरेला गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेला भूजन्य गाळ, मध्ये सिलिकामय चिखल आणि दक्षिणेला तांबडी चिकणमाती असा तिथला साधारण क्रम आहे. तळ पाच हजार मीटरांच्या आसपास, म्हणजे कार्बोनेट विरघळून जाण्याच्या पातळीच्या खाली असल्याने फोरॅमिनिफेरा (चुनखडी कवचाचे सूक्ष्म जीव) न सापडणे हेच तिथे अपेक्षित. त्यावरून 'त्या काळी समुद्रात जीव नव्हते' असा निष्कर्ष काढणारे अहवाल विद्यार्थ्यांकडून दर वर्षी येतात. याच खोऱ्यात बहुधात्विक गाठींच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. प्रयोगशाळेत सगळे ज्यांना नोड्यूलच म्हणतात, त्या या गाठी दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या संथपणे वाढतात आणि बहुतेक पृष्ठभागावरच असतात. कोअरमध्ये खोलवर एखादी सापडली तर भोवतालचे थर आधी तपासावेत: ते तिच्याभोवती खाली ओढले गेले असतील तर ती गाडली गेलेली नसून नळीने ढकलली आहे.

वय ठरवताना गाळसंचयाचा वेग विसरू नये. हजार वर्षांत २ मिलिमीटर साचणाऱ्या तांबड्या मातीचा एक मीटर म्हणजे पाच लाख वर्षे. हजार वर्षांत २ सेंटिमीटर साचणाऱ्या कार्बोनेट चिखलाचा तेवढाच मीटर म्हणजे पन्नास हजार. रेडिओकार्बन सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे उपयोगी नाही. त्यापुढे सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या सुमात्रातील टोबा उद्रेकाचे काचकण हा हिंदी महासागरातला उत्तम खुणेचा थर ठरतो, मात्र काच दिसली की टोबाच असे धरू नये, तिचे रासायनिक विश्लेषण करावे. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी येथील राख टोबाची की त्याहून बरीच जुनी, यावरून चाललेला दीर्घ वाद या बाबतीत वाचण्यासारखा आहे. पाणबुड्या गाळप्रवाहाने टाकलेला टर्बिडाइटचा थर, म्हणजे खाली भरड व वर बारीक होत जाणारा आणि तीक्ष्ण तळसीमेचा गाळ, काही तासांत वा दिवसांत बसलेला असतो, म्हणून वेग काढताना त्याची जाडी वजा करावी. हा प्रकार किती मोठा असू शकतो, हे २०१५ साली अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात आंतरराष्ट्रीय महासागर-वेधन (ड्रिलिंग) कार्यक्रमाच्या ३५५व्या मोहिमेत दिसले: साडेतीन हजार मीटरांहून अधिक खोल पाण्याखाली उथळ समुद्रातल्या चुनखडीचे तुकडे असलेला, एका वेधस्थळी सुमारे ३३० मीटर जाडीचा घसरणीचा थर मिळाला, तो सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वीचा. तेवढी जाडी संथ संचय मानून वय काढले असते, तर सारा कालक्रम कोलमडला असता.

शेवटी नमुने. ते कामाच्या भागातूनच, ठरावीक अंतरावर आणि लाइनरला चिकटलेली कडा वगळून घ्यावेत. काढलेल्या जागी फोमचा तुकडा बसवून त्यावर मध्यांतर, तारीख व घेणाऱ्याची आद्याक्षरे लिहावीत, आणि जतनाचा भाग ओल्या स्पंजसह हवाबंद पिशवीत घालून त्याच दिवशी शीतगृहात परत पाठवावा.