डेटाबेसमधून आलेला पायथन कोड पीडीबीमध्ये ओळीओळीने कसा तपासावा

लातूरच्या एखाद्या आडत दुकानाचं बिलिंग घ्या. सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांवर गेला की किती कपात करायची, हा नियम डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून ठेवलेला असतो आणि पायथनचं ‘एक्झेक’ हे फंक्शन तो ऐनवेळी चालवतं. शेतकऱ्याची पट्टी चुकली म्हणून पीडीबी, म्हणजे पायथनचा चुका शोधायचा डीबगर, लावावा, तर ‘<स्ट्रिंग>’ आणि ओळीचा क्रमांक एवढंच दिसतं. पीडीबी फाईलच्या नावावरून ओळी ‘लाइनकॅश’ या फाईलींच्या ओळी साठवणाऱ्या मॉड्यूलकडे मागतो, आणि या नावाची फाईलच नसते.

आधी मजकुराला नाव द्या. तो थेट एक्झेकला न देता आधी ‘कंपाइल’ या मजकुराचा कोड बनवणाऱ्या फंक्शनमधून काढा आणि दुसऱ्या जागी ‘<ओलावा-कपात-१>’ असं नाव लिहा. कोनी कंस ठेवाच. ते नसले तर पीडीबी त्या नावाचा डिस्कवरचा पूर्ण पत्ता बनवतो आणि पुढची जुळणी फसते. प्रत्येक नियमाला वेगळा क्रमांक हवा. दोन नियमांचं नाव एकच असेल तर चालतो एक आणि ओळी दिसतात दुसऱ्याच्या. ही चूक लवकर ध्यानात येत नाही.

आता त्याच नावाखाली लाइनकॅशच्या ‘कॅश’ डिक्शनरीत (नाव आणि नोंद अशा जोड्यांच्या साठ्यात) चार घटकांचा टपल, म्हणजे न बदलणारी यादी, ठेवा: मजकुराची लांबी, नन (पायथनमधलं ‘काहीच नाही’), ओळींची यादी आणि तेच नाव. यादी ‘स्प्लिटलाइन्स’ने करा, पण ओळीअखेरची चिन्हं राखून. दुसऱ्या जागी ननच हवं. तिथे फाईल बदलल्याची वेळ लिहिली तर लाइनकॅश डिस्कवर फाईल शोधतो आणि ती न मिळाल्यावर नोंद काढून टाकतो.

एक्झेकच्या आधीच्या ओळीवर ‘ब्रेकपॉइंट()’ लिहा, पायथन ३.७ पासून ते चालतं. एक्झेकच्या ओळीवर आलात की ‘एस’ दाबा. ‘एन’ दाबलंत तर अख्खा नियम एका दमात चालून जाईल. आत गेल्यावर ‘एल’ने ओळी दिसतात, ‘पी’ने चलाची किंमत, आणि ‘बी ३’ने तिसऱ्या ओळीवर थांबा लागतो.

एक्झेकला एकच डिक्शनरी द्या. ग्लोबल्स (सगळीकडची नावं) आणि लोकल्स (त्या जागेपुरती नावं) वेगवेगळे दिले तर कोड क्लासच्या आत असल्यासारखा चालतो. नियमातल्या फंक्शनला त्याच नियमातला दर सापडत नाही आणि ‘नेमएरर’, म्हणजे नाव न सापडल्याची चूक, येतो.

डीबगरमध्येही कोड खरोखर चालतो. नियम नोंदी बदलत असेल तर डेटाबेसच्या चाचणी प्रतीवरच तपासा. सर्व्हर दिवसेंदिवस चालू राहणार असेल तर काम झाल्यावर कॅशमधली नोंद काढा, नाहीतर प्रत्येक नव्या नावागणिक मेमरी भरत जाते.