वळवाच्या तोंडावर कच्चा मध काढू नका

सह्याद्रीच्या पट्ट्यात जांभूळ, गेळा, हिरड्याचा हंगाम उतरणीला लागतो, आभाळ भरून येते आणि घाईघाईने मधपेटीतली दिसेल ती फ्रेम (पोळ्याची चौकट) मध काढायच्या यंत्रात जाते. नुकसान इथेच होते. अर्धी घरे (पोळ्यातले कप्पे) मेणाने बंद न होता उघडी असलेल्या फ्रेमचा मध पातळ निघतो, पुढे फसफसतो, मग तो वाचवायला चुलीवर चढतो. ज्या गुणासाठी गिऱ्हाईक रानच्या मधाला जास्त पैसे मोजते, तो त्या चुलीवरच जातो.

मध जंतूंना आवरतो तो तीन कारणांनी. पहिले, साखर दाट, पाणी कमी, सामू (पीएच) साधारण ४ च्या आसपास, म्हणजे आंबट. हे तापवूनही बरेचसे टिकते. दुसरे कारण नाजूक आहे. फुलरस पिकवताना माश्या आपल्या ग्रंथींतले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्यात मिसळतात. पिकलेल्या मधात ते जवळजवळ निष्क्रिय असते. मध पातळ झाला की काम सुरू करते आणि जंतू मारणारे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. उष्णता आणि ऊन यांनी हे विकर निकामी होते. तिसरे, झाडाकडून आलेली फिनॉलिक आम्ले व फ्लॅव्होनॉइड ही जंतूंना रोखणारी द्रव्ये. गडद मधात ती सहसा जास्त. काही मधात परागातून व फुलरसातून आलेले कॅटलेज हे दुसरे विकर पेरॉक्साइड मोडून टाकते, म्हणून दोन रानांचा मध सारखा ठरत नाही.

न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधाची ताकद मुख्यतः मिथाइलग्लायऑक्सल या जंतुनाशक द्रव्याची, आणि त्याचे मूळ त्या झुडपाच्या फुलरसात. ‘मानुका दर्जा’चे स्टिकर विकायला येणाऱ्याला हे विचारा. हिरड्याच्या फळाचे गुण हिरड्याच्या मधात उतरतात, जांभळाचा मध मधुमेहाला चालतो, हेही विक्रेत्यांचेच बोलणे. मधात सुमारे ८० टक्के साखरच असते.

आता काढणी. फ्रेमवरची किमान तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद हवीत. फ्रेम आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर परत पेटीत. हा अंदाज शेतातला. खात्री रिफ्रॅक्टोमीटरने (ओलावा मोजायच्या उपकरणाने) करा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची ओलाव्याची कमाल मर्यादा २० टक्के आहे, पण साठवायच्या मधाला १८ च्या आसपासच थांबा. ब्रिक्सचे (विरघळलेली साखर मोजणारे) मीटर असेल तर ८० ब्रिक्स म्हणजे ओलावा २० नव्हे, साधारण १८. या गफलतीने चांगला मधही कच्चा समजला जातो. सातेरी या देशी माशीचा मध मेलिफेरा या युरोपीय माशीपेक्षा मुळात पातळ, त्यामुळे तिथे घाई जास्त महागात पडते.

वळीव दोन दिवसांवर असेल तर फक्त बंद फ्रेमा काढा. बाकीचा मध पेटीत राहू द्या, पावसाळ्यात वसाहतीला तोच लागतो. पाऊस पडून गेल्यावर दमट हवेत यंत्र चालवू नका. मध हवेतले पाणी ओढतो.

काढणीनंतर:
- त्याच दिवशी, बंद खोलीत गाळणी.
- स्टील किंवा अन्नयोग्य प्लास्टिकची भांडी; लोखंड, तांबे, जस्ताचा पत्रा नको.
- फेस व मेण वर येईपर्यंत झाकून ठेवणे.
- भांडी काठोकाठ भरून घट्ट झाकण, सावलीत साठवण.
- प्रत्येक फुलोऱ्याचा मध वेगळा, तारीख व रान लिहून.

सूर्यफुलाचा मध लवकर गोठतो, तो खराब नव्हे. बरणी ४० अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात ठेवा, थेट आचेवर कधीच नाही. कारखान्यात यीस्ट मारायला ६० ते ६५ अंश तापवतात. त्या मधाला ‘कच्चा’ (रॉ, न तापवलेला) म्हणून विकू नका. जास्त तापवले की एचएमएफ (साखरेपासून बनणारे द्रव्य) वाढते, कमाल मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम.

ओलावा काढायचे महागडे यंत्र पंधरा-वीस पेट्यांसाठी घेऊ नका, फ्रेम मेणाने बंद होईपर्यंत थांबा, माश्या तेच काम फुकट करतात. सातेरीला थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा रोग झाला की दुकानदार अँटिबायोटिकची पूड पुढे करतो. हा रोग विषाणूचा आहे, पुडीने हटत नाही. मधात मात्र अंश उरतो आणि लॉट नाकारला जातो. आजारी वसाहत वेगळी करा, फ्रेमांची अदलाबदल थांबवा. साखरेचा पाक १:१ फक्त टंचाईत द्या, मधकोठी (पेटीवर ठेवायचा मधाचा कप्पा) चढवल्यावर थेंबही नाही.

लेबलवर ‘जखम बरी करतो’ असे छापू नका. जखमेसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो; आपल्या मधात क्लॉस्ट्रिडियम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, हे मात्र ठळक छापा.