सायक्लोहेक्सीन बनवणे आणि त्यातला दुहेरी बंध तपासणे

अल्कीनच्या (म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगांच्या) अभिक्रिया हाताने करून पाहायच्या असतील तर सायक्लोहेक्सीन सोयीचे. ते द्रव आहे, 83 अंशांना उकळते, आणि सायक्लोहेक्सॅनॉलमधून पाण्याचा एक रेणू काढला की तयार होते. बनवणे फारसे अवघड नाही. चुका होतात त्या धुण्यात आणि चाचण्यांचा अर्थ लावण्यात.

सगळे काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), चष्मा आणि हातमोजे घालून करावे. सायक्लोहेक्सीनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, म्हणून बर्नर नको. हीटिंग मँटल किंवा तेलाची बाथ वापरावी.

50 मिली गोलबुडी चंबूत 20 मिली सायक्लोहेक्सॅनॉल घ्या. हे 25 अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे थंड हवेत बाटलीत खडा झालेला दिसेल. बाटली कोमट पाण्यात धरा. घट्टसर असल्याने मोजपात्राला बरेच चिकटून राहते, म्हणून वजन करून घेणेच बरे: 19.2 ग्रॅम. त्यात 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल 5 मिली घालून चंबू नीट हलवा. हे मिसळायचे राहिले तर आम्ल तळाशी बसते आणि तिथेच मिश्रण काळे पडते. उकळताना उसळी येऊ नये म्हणून सच्छिद्र चिनी मातीचे दोन-तीन तुकडे टाका.

सल्फ्युरिक आम्लानेही पाणी निघते, पण ते ऑक्सिडीकरणही करते. मिश्रण करपते, डांबरासारखा गाळ उरतो आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. हा वायू सायक्लोहेक्सीनमध्ये विरघळून राहिला तर पुढच्या चाचण्यांतल्या ब्रोमीन आणि परमँगनेट दोघांचाही रंग तोच घालवतो, आणि श्रेय मात्र दुहेरी बंधाला जाते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा फॉस्फोरिकच घ्यावे.

आता ऊर्ध्वपातन. आम्लाचा प्रोटॉन हायड्रॉक्सिल गटाला चिकटतो, पाणी बाहेर पडते, उरलेला कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन) शेजारच्या कार्बनवरचा प्रोटॉन सोडतो आणि दुहेरी बंध तयार होतो. यातली प्रत्येक पायरी उलटही जाते. म्हणून सायक्लोहेक्सीन आणि पाणी तयार होतील तसे चंबूतून बाहेर काढत राहायचे. समतोल आपोआप पुढे सरकतो. दोन्ही मिळून 71 अंशांच्या सुमारास एकत्र उकळतात, सायक्लोहेक्सॅनॉल एकटे 161 अंशांना. फरक भरपूर वाटतो, पण पाण्याच्या सोबतीने तेही 98 अंशांच्या आसपासच वर येते. त्यामुळे वाफेचे तापमान 90 च्या वर जाऊ देऊ नका. उष्णता इतकीच ठेवा की दर दोन-तीन सेकंदांनी एक थेंब पडेल. घाई केली की न बदललेला अल्कोहोल पलीकडे जातो आणि उतारा (हिशेबाच्या तुलनेत हाती आलेला माल) घटतो. थर्मामीटरचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडाच्या किंचित खाली हवा. वर राहिला तर वाफ त्याला पुरती वेढत नाही, आकडा कमी दिसतो आणि आपण उगाच उष्णता वाढवतो. गोळा करायचा चंबू बर्फात ठेवा. चंबूत 5 मिलीच्या आसपास उरले किंवा पांढरा धूर दिसू लागला की थांबा.

गोळा झालेल्या द्रवात दोन थर दिसतील. तो विभाजक नरसाळ्यात ओतून आधी 10 मिली संतृप्त मिठाच्या पाण्याने, मग 5 मिली 10 टक्के सोडिअम कार्बोनेटने धुवा. साधे पाणी का नाही? मिठामुळे सायक्लोहेक्सीन पाण्यात कमी विरघळते आणि थरही चटकन वेगळे होतात. कार्बोनेट उरलेले आम्ल मारते, त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो. नरसाळे उलटे धरून तोटी दर हलवणीनंतर उघडली नाही तर बूच उडते. सायक्लोहेक्सीनची घनता 0.81, म्हणजे आपला माल वरच्या थरात. शंका आली तर खालच्या थराचा एक थेंब पाण्यात टाकून पाहा: मिसळला तर तो पाण्याचा थर. तरीही दुसरे ऊर्ध्वपातन होईपर्यंत कोणताच थर फेकू नये.

वरचा थर कोरड्या शंकुपात्रात काढून 2 ग्रॅम निर्जल कॅल्शिअम क्लोराइड घाला आणि 15 मिनिटे अधूनमधून हलवा. ते पाणी शोषते आणि राहिलेला थोडा अल्कोहोलही धरून ठेवते. गढूळ द्रव काचेसारखा स्वच्छ व्हायला हवा. कॅल्शिअम क्लोराइड गाळूनच पुढे जा, कारण तापवल्यावर ते शोषलेले पाणी परत सोडते. पूर्ण कोरड्या उपकरणातून पुन्हा ऊर्ध्वपातन करून 81 ते 84 अंशांमधला भाग घ्या. 71 च्या आसपास गढूळ थेंब आले तर कुठेतरी ओल राहिली आहे. चंबू कधीही कोरडा पडेपर्यंत तापवू नका: हवेत राहिलेल्या सायक्लोहेक्सीनमध्ये पेरॉक्साइड तयार होतात आणि ते तळाशी साठून स्फोट होऊ शकतो. हिशेबाने 15.8 ग्रॅम मिळायला हवे. 10 ग्रॅम मिळाले तर उतारा 63 टक्के.

चाचणीसाठी तीन परीक्षानळ्या लावा: सायक्लोहेक्सीन, सायक्लोहेक्सेन, सायक्लोहेक्सॅनॉल. प्रत्येकीत पाच थेंब. त्यावर 1 मिली ब्रोमीनचे पाणी घालून बूच लावून जोरात हलवा. सायक्लोहेक्सीनचा नारिंगी रंग लगेच जातो. इथे मुख्यतः डायब्रोमाइड बनते असे अनेक जण लिहितात. पाण्यात मात्र ब्रोमोनिअम आयनावर (दुहेरी बंधाला ब्रोमीन चिकटून बनलेल्या आयनावर) पाण्याचाच हल्ला होऊन बहुतांशी 2-ब्रोमोसायक्लोहेक्सॅनॉल बनते. सायक्लोहेक्सेनच्या नळीत फसगत ठरलेली: ब्रोमीन वरच्या थरात निघून जातो, खालचे पाणी फिके पडते आणि “रंग गेला” अशी नोंद होते. वरचा थर पाहा, रंग तिथे आहे. ही नळी उन्हात ठेवू नका. प्रकाशात सायक्लोहेक्सेनमध्येही प्रतिस्थापन होऊन रंग हळूहळू जातो.

बेयर चाचणीसाठी (परमँगनेटने दुहेरी बंध ओळखण्यासाठी) 2 मिली ॲसिटोनमध्ये सायक्लोहेक्सीनचे दोन थेंब विरघळवा आणि 1 टक्का पोटॅशिअम परमँगनेट थेंबाथेंबाने घाला. जांभळा रंग जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी अवक्षेप दिसला तर चाचणी होकारात्मक. नुसता ॲसिटोन घेतलेली नळीही शेजारी हवीच. इथेनॉल टाळा, परमँगनेट त्यालाही सावकाश ऑक्सिडाइज करते. ही चाचणी ॲल्डिहाइडही देतात, म्हणून तिच्यावर एकटीवर निष्कर्ष काढू नये. थंड, अल्कधर्मी द्रावणात सिस डायॉल (एकाच बाजूला दोन हायड्रॉक्सिल गट असलेले संयुग) बनतो. गरम आणि आम्लधर्मी केले तर कार्बनचे वलयच फुटते आणि ॲडिपिक आम्ल मिळते.

उरलेले ब्रोमीन सोडिअम थायोसल्फेटने रंगहीन करून मगच टाका. नळ्यांवरचे तपकिरी डाग साबणाने निघत नाहीत. ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणात सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब टाकून नळ्या भिजवल्या की काच स्वच्छ निघते.