समोरच्या दातासाठी हाड भरून इम्प्लांट: दात काढण्याआधीपासूनची तयारी

तयारी सुरू होते ती दात तोंडात असतानाच. वरच्या पुढच्या दातांवरचं ओठाकडचं हाड बहुतेकांचं १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं आणि ते दाताच्या मुळाच्या आधारावरच जगतं. दात गेला की पहिल्या ६ महिन्यांत तिथल्या हाडाची रुंदी ३० ते ६० टक्के घटू शकते. त्यामुळे 'आधी काढून टाकू, पुढचं पुढे बघू' हा सगळ्यात महागात पडणारा निर्णय. दात काढण्याआधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करा आणि नुसती फिल्म न घेता पेनड्राइव्हवर फाइल मागून घ्या. पुढे नाशिक-पुण्याला दुसरं मत घ्यायचं झालं तर तीच कामाला येते. साडेतीन मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसणारा स्क्रू) बसवायचा आणि ओठाकडे २, टाळूकडे एक-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं, तर साधारण साडेसहा-सात मिलिमीटर रुंदी लागते. तेवढी नसेल तर हाड भरावं लागतं.

तारखांचा हिशेब उलटा मांडा. आधी हाड भरून मग इम्प्लांट असं ठरलं, तर हाड जमायला साधारण ६ महिने, इम्प्लांट पक्का व्हायला ३-४ महिने आणि तात्पुरत्या कॅपने हिरडीला आकार द्यायला आणखी २-३ महिने जातात. येत्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नात नवा दात हवा असेल तर सुरुवात मागच्याच आखाजीला व्हायला हवी होती. घाई असेल तर तात्पुरता दात लावून लग्न उरकून घ्यावं. हाडाला घाई चालत नाही. वाढीच्या वयातल्या मुलामुलींना तर हे करूच नका: जबडा वाढतो, इम्प्लांट जागचा हलत नाही आणि दात आखूड दिसू लागतो.

तंबाखू, गुटखा, बिडी आणि आपल्याकडे हमखास लपवली जाणारी मिसरी किमान २ आठवडे आधी आणि नंतर २ महिने पूर्ण बंद. हिरडीचा रक्तपुरवठा घटला की टाके उघडतात. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ७ च्या आसपास आणा. ८ च्या वर असेल तर तारीख पुढे ढकला. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा ६ महिन्यांचं, वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते न विचारताच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका.

भरायची पावडर कशाची, हे सही करण्याआधी विचारा. जास्त वापरली जाते ती गाईच्या हाडापासून केलेली, आणि पावडरवर झाकायचा पडदा बऱ्याचदा डुकराच्या कातडीतल्या कोलॅजनचा असतो. वारकरी, जैन किंवा मुस्लिम घरात हे नंतर कळलं तर मनस्ताप होतो. कृत्रिम पावडर मिळते, स्वतःचंही हाड घेता येतं. फक्त हनुवटीतून घेतलं तर खालच्या पुढच्या दातांना काही काळ बधिरपणा राहू शकतो. गाईच्या हाडाचे कण फार हळू विरघळतात आणि त्यामुळेच ओठाकडचा फुगीरपणा वर्षानुवर्षं टिकतो. स्वतःचं हाड लवकर जिवंत होतं, पण झिजतंही लवकर.

तात्पुरत्या दाताची व्यवस्था आदल्या भेटीतच करा. काढता-घालता दात टाक्यांवर टेकला तर खालची पावडर सरकते; शेजारच्या दाताला चिकटवलेला दात बरा. घरात मऊ खिचडी, गार वरण, दही, केळी असू द्या. शेवभाजी, ठेचा आणि कळण्याची भाकरी २ आठवडे नको. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, घाबरू नका. ओठ उचलून आरशात बघणं हा टाके उसवण्याचा हमखास मार्ग. साखरेच्या दाण्यासारखे दोन-चार कण तोंडात आले तर चालतं. पडदा उघडा दिसला, पू किंवा वाढता ठणका आला तर त्याच दिवशी फोन करा. शहादा-धडगावकडून येणाऱ्यांनी १०-१४ दिवसांनी टाके काढायचा मुक्काम आधीच धरावा.

हाड भरून बसवलेले इम्प्लांट १० वर्षांनी ९० टक्क्यांहून जास्त टिकलेले दिसतात. पुढच्या दातात खरी अडचण दिसण्याची: हिरडी अर्धा-एक मिलिमीटर वर सरकते किंवा पातळ हिरडीतून करडी छटा दिसते. म्हणून हिरडी पातळ असेल तर टाळूतून तुकडा घेऊन ती जाड करायची का, हे हाड भरतानाच विचारा. नंतर करणं अवघड. शक्य असेल तर कॅप सिमेंटऐवजी स्क्रूने बसवून घ्या, कारण हिरडीखाली राहिलेलं सिमेंट पुढे हाड खातं. कॅप बसली त्या दिवशीचा एक्स-रे आणि इम्प्लांट व पावडरच्या डब्यावरची लेबलं फाइलला लावा. पहिल्या वर्षात साधारण १ मिलिमीटर हाड उतरणं मान्य. त्यानंतर दर वर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त उतरत असेल, तर रक्त येत नसलं तरी दाखवा.